क्लेम फॉर्मचा भाग ‘ब’ कोण वाचतो?

०७१३ म्हणजे कडधान्ये व डाळी आणि ७११३ म्हणजे सोन्या-चांदीचे दागिने, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून आपल्या पेढ्यांवर एचएसएन कोड पाहिल्याखेरीज बिल बाहेर पडत नाही. कोड चुकला की कराचा दर चुकतो, दर चुकला की नोटीस येते आणि नोटीस आली की कर सल्लागाराच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हा अनुभव बहुतेकांनी स्वतः घेतलेला आहे अथवा शेजारच्या दुकानात पाहिलेला आहे. परंतु त्याच घरातील वडीलधारा माणूस रुग्णालयात दाखल होतो, दोन-अडीच लाखांचा क्लेम जातो, आणि त्या क्लेमच्या कागदावर आजाराचा जो कोड टाकलेला असतो तो घरातील एकाही व्यक्तीने वाचलेला नसतो. चाळीस हजारांच्या बिलावरचा कोड आपण दोनदा तपासतो. अडीच लाखांच्या कागदावरचा एकदाही नाही.

बँकेत असताना कर्जप्रकरणांची छाननी करण्यात माझी बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे मेडिक्लेम नाकारला गेला की परिचित मंडळी फाईल घेऊन माझ्याकडे येतात. वैद्यकशास्त्र मला कळत नाही, परंतु कागद वाचता येतो. या फायली वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात आली. कंपनीने पाठवलेल्या नकाराच्या पत्रावर घरातील मंडळी चिडलेली असतात, एजंटाला बोल लावत असतात. आणि त्या नकाराचे बीज मात्र रुग्णालयातून निघण्यापूर्वीच, भाग ‘ब’ मधील एका लहानशा रकान्यात पडलेले असते.

क्लेमचा फॉर्म दोन भागांचा असतो. भाग ‘अ’ विमेदाराने भरावयाचा. त्यात पॉलिसी क्रमांक, प्रथम विमा कधी घेतला, अन्य कोणती पॉलिसी आहे काय, खोली कोणत्या प्रकारची होती, बिलांचा तपशील, बँक खाते इत्यादी माहिती असते. हा भाग आपली मुले व्यवस्थित भरतात. भाग ‘ब’ रुग्णालयाने भरावयाचा. रुग्णालयाचा शिक्का आणि सही त्यावर असते, म्हणून तो आपला कागद नव्हे असे आपण गृहीत धरतो. वास्तविक पाहता पैसे द्यावयाचे की नाही हे ठरविण्याच्या दृष्टीने कंपनीचा अधिकारी प्रथम हाच भाग वाचतो. त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सहव्याधी यांच्यासाठी स्वतंत्र ओळी असतात व प्रत्येक ओळीसमोर आयसीडी-१० कोड लिहावयाचा असतो. त्याखाली शस्त्रक्रियांचे कोड येतात. कॅशलेस प्रकरणात या फॉर्मच्या आधीच पूर्वमंजुरीचा अर्ज जातो. त्यातही संभाव्य निदान आणि त्याचा कोड असतो, आणि शेवटी रुग्णाची किंवा नातेवाइकाची सही असते. ती सही आपण काउंटरवर उभ्याउभ्या करतो.

आयसीडी म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याचा उगम मृत्यूच्या नोंदींत आहे. झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागो येथील परिषदेत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. तीच वाढत वाढत जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली असली, तरी आपल्या क्लेम फॉर्मवर अजून दहावीच छापलेली असते. कोडची रचना आपल्याला सहज समजण्याजोगी आहे. पहिले अक्षर प्रकरण दाखवते, पुढील दोन आकडे आजार दाखवतात, आणि बिंदूनंतरचा आकडा त्या आजाराचा प्रकार सांगतो. ‘आय’ हे अक्षर हृदय व रक्ताभिसरणाचे, ‘के’ पचनसंस्थेचे, ‘एस’ इजांचे. आय१० म्हणजे उच्च रक्तदाब, ई११ म्हणजे प्रौढवयातील मधुमेह, के८० म्हणजे पित्ताशयातील खडे. हस्ताक्षरात आय१० हे ११० असेही दिसू शकते, आणि संगणकात भरताना तसे भरलेलेही मी पाहिले आहे. शस्त्रक्रियांच्या सात स्थानांच्या कोडमध्ये मात्र ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे जाणूनबुजून टाळलेली आहेत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. ज्याने ही पद्धत बसविली त्याला कारकुनाच्या अडचणी ठाऊक असल्या पाहिजेत.

आता हा कोड लिहितो कोण? डॉक्टर लिहितात असा आपला समज असतो. डॉक्टर आजाराचे नाव लिहितात, तेही बहुधा संक्षेपात. त्याचा कोड शोधून टाकण्याचे काम पुष्कळ ठिकाणी तळमजल्यावरील विमा विभागातील एखादा मुलगा किंवा मुलगी करते. संगणकात आजाराच्या नावाची तीन-चार अक्षरे टंकली की यादी उघडते. त्यातील वरची ओळ निवडली जाते. त्या मुलासमोर दिवसाकाठी तीस फायली असतात आणि प्रत्येक फाईलमागे घरी जाण्यास उतावीळ झालेले एक कुटुंब उभे असते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु चुकीची ओळ निवडली गेली तर त्याचा भुर्दंड त्या मुलाला पडत नाही.

कोडची दुसरी एक यादी कंपनीच्या बाजूस असते, आणि ती तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेतच छापलेली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची शब्दरचना सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक अपवादाला ‘एक्सक्ल’ या अक्षरांपुढे दोन आकडे दिले. एक्सक्ल०१ म्हणजे पॉलिसीपूर्वीचा आजार, ०२ म्हणजे ठराविक आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, ०३ म्हणजे पहिले तीस दिवस, ०४ म्हणजे केवळ तपासण्यांसाठी दाखल होणे, १२ म्हणजे मद्यपान व अन्य व्यसने आणि त्यांचे परिणाम. अशी ही यादी १८ पर्यंत जाते. रुग्णालयाचा कोड एका बाजूने येतो, कंपनीचा कोड दुसऱ्या बाजूने येतो, आणि जेथे दोन्ही जुळतात तेथे नकाराचे पत्र तयार होते. वाचकांनी आज रात्री पॉलिसी उघडून ही दोन-तीन पाने डोळ्यांखालून घालावीत.

हे सर्व एका प्रकरणावरून स्पष्ट होईल. मार्केट यार्डातील एक ज्येष्ठ आडते, वय अडुसष्ट. ज्या घरात कांदा-लसूणही येत नाही, अशा घरातील हे गृहस्थ. मधुमेह जुना, वजन अधिक, दिवसभर गादीवर बैठक. पोटात पाणी झाले म्हणून दाखल झाले. यकृत आक्रसल्याचे, म्हणजे सिऱ्हॉसिसचे निदान झाले. यकृतात चरबी साचून वर्षानुवर्षांनी हा विकार होतो, आणि आयुष्यात मद्याचा थेंबही न घेतलेल्या माणसालाही होतो, हे डॉक्टरांनी कुटुंबाला समजावून सांगितले होते. नऊ दिवसांनी घरी आले. सव्वातीन लाखांचे बिल त्यांनी स्वतः भरून क्लेम पाठविला. दीड महिन्याने कंपनीचे पत्र आले : एक्सक्ल१२ नुसार दावा अमान्य.

त्यांचे थोरले चिरंजीव माझ्याकडे आले तेव्हा हातात फाईल होती आणि मान खाली होती. ‘‘काका, पैशाचे एक वेळ जाऊ द्या,’’ ते म्हणाले, ‘‘पण बाबांच्या नावापुढे दारू लिहिली आहे. घरात आईसुद्धा विचारात पडली आहे.’’ वडिलांनी तर हे प्रकरण पुढे नेऊ नये असेच सांगितले होते. उद्या तक्रार केली तर चार माणसांत चर्चा होईल, त्यापेक्षा तीन लाख गेले तरी चालतील, असे त्यांचे म्हणणे. आपल्या समाजातील माणूस या प्रसंगी असाच विचार करील, हे मला समजते. परंतु गप्प बसल्याने तो शेरा पुसला जात नव्हता. तो कंपनीच्या दप्तरी कायमचा राहणार होता.

भाग ‘ब’ काढून पाहिला. मुख्य निदानासमोर के७०.३ असे लिहिलेले होते. के७० हे मद्यजन्य यकृतविकाराचे घर आहे आणि के७०.३ म्हणजे मद्यजन्य सिऱ्हॉसिस. अन्य कारणाने झालेल्या किंवा कारण न नोंदवलेल्या सिऱ्हॉसिससाठी के७४.६ हा कोड आहे, आणि यकृतातील साध्या चरबीसाठी के७६.०. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी केवळ ‘दीर्घकालीन यकृतविकार, सिऱ्हॉसिस’ एवढेच लिहिले होते. मद्याचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि मद्य घेत नसल्याचाही नव्हता. सिऱ्हॉसिस शोधताना संगणकाने जी यादी दाखवली तिच्यातील के७०.३ ही ओळ आधी आली असावी. पुढचे काम कंपनीच्या संगणकाने केले. पॉलिसी नऊ वर्षे अखंड होती, हेही उपयोगी पडले नाही. साठ महिने अखंड विमा असल्यावर माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो, असा नियम आहे. परंतु पॉलिसीत जे कायमचे अपवाद आहेत त्यांना हे संरक्षण लागू होत नाही.

उपाय कागदाचाच होता. प्रथम रुग्णालयाकडे इनडोअर केस पेपरची प्रत लेखी मागितली. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यावयाच्या असतात. हा नियम अर्जात उद्धृत केला की काउंटरवरील बोलण्याचा सूर बदलतो. प्रत मिळाली. दाखल झाल्याच्या रात्रीच्या पानावर कनिष्ठ डॉक्टरांच्या हस्ताक्षरात ‘कोणतेही व्यसन नाही, शाकाहारी’ अशी स्पष्ट नोंद होती. ते पान घेऊन चिरंजीव मुख्य डॉक्टरांना भेटले. डॉक्टर सज्जन, त्यांनी भाग ‘ब’ मागवून पाहिला आणि त्याच दिवशी लेटरहेडवर दाखला दिला. रुग्णाचा विकार मद्यजन्य नाही, भाग ‘ब’ मध्ये कोड नजरचुकीने पडला, योग्य कोड अमुक, असे तीन वाक्यांत लिहून सही, तारीख आणि आपला नोंदणी क्रमांक घातला. दुरुस्त केलेला भाग ‘ब’, केस पेपरची प्रत व दाखला कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे गेला. साधारण महिन्याने नेहमीच्या किरकोळ वजावटींसह रक्कम खात्यात जमा झाली. कंपनीकडून शेरा मागे घेतल्याचे पत्रही आम्ही मागून घेतले. गृहस्थांनी रकमेपेक्षा ते पत्र जपून ठेवले आहे.

येथे दुरुस्तीच्या पद्धतीविषयी थोडे लिहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी चूक दाखवली की काउंटरवरचा माणूस पांढरी शाई फिरवून वर नवा कोड लिहून देतो आणि आपण आनंदाने घरी येतो. असा कागद कंपनीकडे गेला की तपासणी अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. खाडाखोड केलेला धनादेश आम्ही बँकेत घेत नसू. रोजकीर्दीत चुकलेली नोंद जुना मुनीम कधी खरवडत नसे. ती तशीच ठेवून उलट नोंद करीत असे, व का केली ते खाली लिहीत असे. रुग्णालयाकडूनही असेच घ्यावे. जुना कागद तसाच राहू द्यावा, नवा स्वतंत्र कागद घ्यावा, आणि चूक काय व योग्य काय हे त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहावे. विमा विभागातील कर्मचाऱ्याच्या सहीला येथे फारसे मोल नाही.

आजाराच्या कोडखेरीज भाग ‘ब’ मध्ये काही चौकटी असतात : तातडीने दाखल की ठरवून, डे केअर की प्रसूती, इजेमुळे दाखल झाला काय, पोलिसांत नोंद आहे काय. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर ‘कंडिशन कोड’ हा शब्द आला असेल. तिकडील रुग्णालयांच्या यूबी-०४ या फॉर्मवर १८ ते २८ क्रमांकाचे रकाने त्यासाठी राखलेले असतात. तो कोड आजाराचे नाव सांगत नाही, आजारामागची परिस्थिती सांगतो. ०२ लिहिले की आजार नोकरीच्या कामाशी निगडित आहे असे कळते. ४४ लिहिले की आंतररुग्ण म्हणून दाखल केलेल्या रुग्णास नंतर बाह्यरुग्ण ठरविले असा अर्थ होतो, आणि मग बिलाचा सगळा हिशेबच बदलतो. आपल्याकडे हेच काम या चौकटी करतात. एक खूण इकडची तिकडे झाली की परिस्थिती बदलते.

इजेच्या चौकटीत तर फॉर्मचीच एक उणीव आहे. एका परिचितांच्या मातोश्री, वय चौऱ्याहत्तर, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. पॉलिसी घेऊन चौदाच महिने झाले होते. त्यांच्या पॉलिसीत वयोमानाने होणाऱ्या हाडांच्या ठिसूळपणासाठी चोवीस महिन्यांचा प्रतीक्षाकाळ होता. मात्र एक्सक्ल०२ मध्येच पुढे एक वाक्य असते, की अपघातामुळे उद्भवलेल्या दाव्यास हा प्रतीक्षाकाळ लागू नाही. आता भाग ‘ब’ मध्ये ‘इजेमुळे दाखल?’ या प्रश्नास ‘होय’ म्हटले, तर पुढे कारण विचारले जाते आणि तेथे पर्याय तीनच : स्वतः करून घेतलेली इजा, रस्त्यावरील अपघात, मद्य अथवा अमली पदार्थ. न्हाणीघरात घसरणाऱ्या आजीबाईंसाठी त्यात जागाच नाही. बिचाऱ्या कर्मचाऱ्याने तिन्ही लागू नाहीत म्हणून ‘नाही’ वर खूण केली, आणि डॉक्टरांनी हाडे ठिसूळ असल्याचे नोंदवले होते म्हणून एम८० हा ठिसूळपणामुळे हाड मोडल्याचा कोड टाकला. आघाताने खुब्याचे हाड मोडले तर तो कोड एस७२.० असतो, आणि घसरून पडण्याच्या कारणासाठी डब्ल्यू०१ हा स्वतंत्र कोड आहे.

या प्रकरणात योग्य कोड कोणता, हे ठरविणे माझे काम नव्हते आणि त्यांच्या मुलाचेही नव्हते. काही वृद्धांचे हाड आधी मोडते आणि मग ते पडतात, असे डॉक्टर सांगतात. तसे असेल तर एम८० हाच खरा. त्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला, पडण्याची हकिगत पुन्हा ऐकली आणि इजेचा कोड योग्य असल्याचे लिहून दिले. चौकटीत ‘होय’ करून बाजूस ‘घरात पाय घसरून पडणे’ असे शब्दांत लिहिले. अडचणीच्या जागी शब्दांत लिहावे, हा माझा सर्वांना सल्ला आहे. मोतीबिंदूचेही तसेच : डावा की उजवा डोळा हे आपल्याकडील एच२५ या कोडमधून कळत नाही, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याचा क्लेम गेला की तोच क्लेम पुन्हा आला असे वाटून तो अडकतो. कोडच्या शेजारी ‘उजवा डोळा’ एवढे लिहून घेतले की झाले.

कोड अचूक असूनही नकार येतो, अशीही एक जात आहे. छातीत दुखले म्हणून रात्री दाखल केले, दोन दिवस तपासण्या झाल्या, सुदैवाने हृदय ठीक निघाले. कोड पडतो आर०७.४, म्हणजे छातीत वेदना, कारण अनिश्चित. कंपनी म्हणते एक्सक्ल०४, केवळ तपासण्यांसाठी दाखल झालात. येथे कोड बदलून मागणे चुकीचे आहे, कारण तो खरा आहे. मागावयाचा तो डॉक्टरांचा खुलासा : दाखल होताना नाडी किती होती, रक्तदाब किती होता, कोणती शंका होती, शिरेतून कोणती औषधे दिली, घरी पाठविणे का धोक्याचे होते. ‘निरीक्षणाखाली’ या एका शब्दाने काम भागत नाही.

सर्वांत अधिक हानी मात्र ‘केव्हापासून’ या शब्दाने होते. पूर्वमंजुरीच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, अशा आजारांची यादी असते आणि प्रत्येकासमोर महिना व वर्ष विचारलेले असते. दाखल होताना डॉक्टर हाच प्रश्न विचारतात, आणि आपल्या एकत्र कुटुंबात उत्तर देण्यास सहा जण पुढे होतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका गृहस्थांना मधुमेह २०२२ मध्ये प्रथम आढळला, पॉलिसी २०२१ ची, शस्त्रक्रिया २०२४ मध्ये. सोबतच्या पुतण्याने डॉक्टरांना सांगितले, ‘‘असेल पाच-एक वर्षे.’’ कागदावर पाच वर्षे आली, सहव्याधीच्या ओळीत ई११ आले, आणि कंपनीने वजाबाकी करून २०१९ हे साल काढले. म्हणजे पॉलिसीपूर्वीचा आजार, आणि प्रस्तावात लपविलेला. त्यांच्या पत्नीने २०२२ चा पहिला रक्त तपासणीचा अहवाल सांभाळून ठेवला होता म्हणून ते सुटले. घरात प्रत्येक मोठ्या आजाराचा पहिला अहवाल आणि पहिली चिठ्ठी वेगळ्या पाकिटात ठेवावी. रुग्णालयात हकिगत सांगणारी व्यक्ती एकच असावी, आणि तिला नक्की साल ठाऊक नसेल तर तिने ‘कागद पाहून सांगते’ असे म्हणावे. पुतण्यांना चहा आणावयास पाठवावे.

आता एक अप्रिय गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण चुकीचा कोड दुरुस्त करण्यासाठी येत नाहीत. बरोबर असलेला कोड सोयीचा करून घेता येईल का, हे विचारण्यासाठी येतात. मधुमेह न लिहिण्यास डॉक्टरांना सांगता येईल का? नुसत्या तपासण्यांना ताप म्हणून दाखल दाखवता येईल का? ‘सगळेच करतात’ हे त्यांचे समर्थन असते आणि एजंट हसून मान डोलावतो. मी त्यांना फाईल परत देतो. साठ महिन्यांचे जे संरक्षण वर सांगितले ते फसवणुकीला नाही. एकदा ती सिद्ध झाली की वीस वर्षांची पॉलिसीही हातातून जाते, आणि साठीनंतर नवीन पॉलिसी मिळविणे किती कठीण आहे हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांना विचारावे. शिवाय हे कागद केवळ कंपनी वाचत नाही. पुढील वेळी दुसऱ्या गावी, मध्यरात्री, अनोळखी डॉक्टर तेच डिस्चार्ज कार्ड पाहून औषध ठरवतो. त्यावर मधुमेह नसेल तर तो नाही असे समजूनच तो सलाईन लावील.

प्रत्यक्ष काम असे आहे. रोख भरून नंतर क्लेम करणार असाल तर भाग ‘ब’ शिक्का बसण्यापूर्वी हातात घ्या, मुख्य निदानासमोरचा कोड डिस्चार्ज कार्डावरील शब्दांशी जुळवा. जागतिक आरोग्य संघटनेची यादी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. घरातील महाविद्यालयीन मुलगा-मुलगी दोन मिनिटांत शोधून देतील. दाखल होण्याची व घरी सोडण्याची वेळही पाहा, कारण डे केअर प्रक्रिया वगळता चोवीस तास पूर्ण व्हावे लागतात. कॅशलेस असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जाची प्रत सही करतानाच मागा. घाई केल्यासारखे वाटते म्हणून संकोच करू नका. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या विनंतीवर तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे, तेव्हा तुमच्या पाच मिनिटांच्या वाचनाने कोणाचा खोळंबा होत नाही.

तरीही नकार आलाच, तर पत्रात पॉलिसीतील कोणत्या कलमानुसार तो दिला हे कंपनीने लिहिले पाहिजे. ते नसेल तर प्रथम तेच लेखी मागावे. त्यानंतर कंपनीचा तक्रार निवारण विभाग. तेथे महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपाल. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात, शुल्क नाही व वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या फायलींपैकी काही अशा असतात की त्यातील म्हणणे खरे असते, कागद पुरेसे असतात, आणि तारीख मात्र चौदा महिन्यांपूर्वीची असते.

खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे संपूर्ण बिलातूनच प्रमाणशीर कपात कशी होते, याविषयी अनेकांनी विचारले आहे. तो विषय पुढील अंकी घेऊ.